हरिपूरची भरती

लग्न ठरलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं,
"थंय पाणी आसा मां?"
मध्यस्थ म्हणाले, दोन-दोन नद्या आहेत.
आई गप्प झाली. आमच्या विजयदुर्गात नदी म्हणजे
खाडीत येऊन चव हरवणारी कुणीतरी.

सांगलीहून चिंचांच्या रस्त्यानं आले,
स्कूटरवर, मांडीवर शिलाई मशीनचं डोकं घेऊन.
वळणावर दिसली कृष्णा, कडेला वाळूचा पट्टा,
आणि वारणा तिच्यात शिरते तिथं
पाण्यावर पडलेली एक लांब शिवण.
दोन रंग बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतात,
बोलू की नको अशा बेतानं.

"ही आमची चौपाटी," नवरा म्हणाला.
तो मोटारी भरून देतो.
नदीकाठचे पंप जळले
की आमच्या घरी डब्यात पैसे पडतात.

सकाळी सहाला तायाप्पा भोई
रंगाच्या रिकाम्या डब्यानं नावेतलं पाणी उपसतो.
कोठळीची चार माणसं, दुधाच्या दोन किटल्या, सायकल,
एकदा एक शेळी, जिचे पैसे द्यायचे की नाही
यावर अर्ध्या नदीपर्यंत भांडण.
पूल झाल्यापासून गिऱ्हाईक आटलं.
"पुलाला कुणाची वळख लागत न्हाई," म्हणतो,
आणि डबा आपटून ठेवतो.

त्याची बायको गंगूबाई जाळं झटकते:
चिलापी, चिलापी, एखादी वाम,
कुणाची तरी चप्पल, पुन्हा चिलापी.
पहिल्या आठवड्यात मी विचारलं, पापलेट?
अजून त्या नावानं हाक मारतात मला.

मिरजेच्या बाजारात शनिवारी
थर्माकोलच्या पेटीतून समुद्र येतो.
एकदा पेटीतलं वितळलेलं पाणी
मी बोटानं चाटून बघितलं.
मासेवाला म्हणाला, "ताई, बरं हाय न्हवं?"
बरं होतं. खारट होतं.

पहिल्या अमावास्येला रात्री घाटावर उतरले.
शेवटच्या पायरीवर खडूनं रेघ ओढून बसले.
पाणी तिथंच. रेघ कोरडी.
तायाप्पा विडी ओढत होता. "काय हरवलं?"
"भरती बघायला आले."
हसला नाही.
"हितं पाणी चंद्र सोडत न्हाई, पोरी.
कोयनेचं दार सोडतंय."

मग ऑगस्ट आला.
रिक्षावरचा भोंगा क्युसेकचे आकडे वाचत फिरला,
लग्नपत्रिकेतली नावं वाचावीत तसा.
पायरी गेली, पायरी गेली,
पोरांनी काठी रोवली, काठी गेली.
शाळेच्या भिंतीवर एकोणीस सालची रेघ आहे,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.
तिच्याकडे कुणी बोट दाखवत नाही,
हनुवटी उचलतात फक्त.
त्या रात्री मला झोप लागली.
सगळं गाव जागं होतं आणि मला
बाळपणीसारखी गाढ झोप लागली,
हे मी कुणाला सांगितलं नाही.

आता माघ आहे.
पाणी पायाच्या घोट्याला, वाळूत काकडीचे वेल,
पलीकडच्या दांडीवर मगर पडलीय
सुट्टीवर आलेल्या पाहुण्यासारखी.
धुणं तिला बघून दहा हात सरकतं, थांबत नाही.

नकाशात मी बघितलं:
कृष्णा उगवते ती माझ्या समुद्राच्या जवळच,
डोंगरावर चढलं की वारा खारा लागावा इतक्या जवळ.
आणि पाठ फिरवून पूर्वेला निघते,
मुलुखभर चालत, अनोळखी समुद्राकडे.
तिलाही कुणी मध्यस्थ भेटला असणार.

फोनवर आई: "आज उधाण आसा गो. तुमच्याकडे?"
"नाही, ओहोटी आहे," मी म्हणाले.
मग दहा रुपये देऊन
कोठळीला गेले आणि उतरले नाही.
तायाप्पानं नाव तशीच परत वळवली,
परतीचे पैसे मागितले नाहीत.